एकाच द्रावणातून काच आणि चाळणी: सेल्युलोज ॲसिटेटबरोबर काम कसं करावं

दोन काचपट्ट्या घ्या. एकाच बाटलीतलं मधासारखं दाट द्रावण दोन्हींवर सारखंच पसरा. एक पट्टी झाकण ठेवून टेबलावर वाळू द्या, दुसरी दहा-पंधरा सेकंदांत बर्फाच्या पाण्यात सोडा. पहिलीवरून काचेसारखी आरपार दिसणारी फिल्म निघते. दुसरीवर डोळ्यांदेखत पांढरा पडदा धरतो, कडेपासून सुटू लागतो आणि पाण्यावर तरंगायला येतो. पदार्थ तोच, विद्रावकही तोच. फरक फक्त तो विद्रावक, म्हणजे ॲसिटोन, कोणत्या वाटेने बाहेर पडला, एवढाच.

सेल्युलोज ॲसिटेट म्हणजे वनस्पतींतल्या सेल्युलोजच्या लांब साखळ्यांवर ॲसेटिक ॲसिडपासून येणारे ॲसिटिल गट बसवून केलेलं प्लॅस्टिक. त्याचं सगळं काम दोन प्रश्नांवर चालतं: साखळीवर ॲसिटिल गट किती बसलेत, आणि विद्रावक कसा जातो. चष्म्याची फ्रेम, गाळणपटल, जुनी सिनेमाची रिळं, रक्ततपासणीची पट्टी, औषधाच्या गोळीवरचं आवरण या सगळ्यांची उत्तरं याच दोन प्रश्नांत आहेत. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत. प्रयोगशाळेत बसून प्रत्यक्ष करता येतील अशा गोष्टींवर जास्त वेळ घालवला आहे.

पायरी १: हातात नेमका कोणता ॲसिटेट आहे ते ठरवा

सेल्युलोजच्या साखळीतल्या प्रत्येक ग्लुकोज कडीवर तीन हायड्रॉक्सिल गट असतात. त्यांतल्या सरासरी कितींच्या जागी ॲसिटिल बसलं, त्या आकड्याला डिग्री ऑफ सब्स्टिट्यूशन म्हणजे डीएस म्हणतात. तो शून्य ते तीन यांच्यामध्ये कुठेही असू शकतो आणि त्यावरून पदार्थाचा स्वभावच बदलतो. डीएस तीनच्या जवळ असेल तर तो ट्रायॲसिटेट: ॲसिटोनमध्ये फुगतो पण विरघळत नाही, त्याला डायक्लोरोमिथेन किंवा क्लोरोफॉर्म लागतो. डीएस २.५ च्या आसपास असेल तर तो डायॲसिटेट: ॲसिटोनमध्ये सहज विरघळतो. ०.७ च्या जवळपास आणला तर चक्क पाण्यात विरघळतो.

बाटलीवर बहुतेक वेळा डीएस नसतो, ॲसिटिलची टक्केवारी असते. हिशेब सोपा आहे. ॲसिटिलची टक्केवारी ‘अ’ धरली, तर

डीएस = (१६२ × अ) ÷ (४३०० − ४२ × अ)

प्रयोगशाळेत सर्रास मिळणाऱ्या ३९.८ टक्केवाल्या भुकटीसाठी हे गणित २.४५ येतं, म्हणजे ॲसिटोन चालेल. ४४.८ टक्के घातले तर नेमके तीन येतात. लेबलवर कधी ॲसिटिलऐवजी ‘संयुक्त ॲसेटिक ॲसिड’ची टक्केवारी असते. त्या पद्धतीत पूर्ण ट्रायॲसिटेटचा आकडा ६२.५ होतो. दोन्ही आकडे एकमेकांत मिसळू नका. ही गफलत झाली की विद्रावकच चुकीचा निवडला जातो, आणि दोन दिवस ढवळूनही बीकरमध्ये फुगलेल्या गुठळ्याच राहतात.

हा पदार्थ कारखान्यात तयार होतो ती रीतही समजून घेण्यासारखी आहे. कापसाच्या सरकीवरचे बारीक तंतू किंवा शुद्ध लाकडी लगदा घेतात. ॲसेटिक ॲसिडमध्ये ॲसेटिक ॲनहायड्राइडबरोबर त्याची अभिक्रिया घडवतात, उत्प्रेरक म्हणून थोडं सल्फ्युरिक ॲसिड असतं. आधी जवळजवळ तीनही गट भरून टाकतात आणि मग मोजून पाणी घालून काही ॲसिटिल परत काढतात. सरळ अडीचवरच का थांबत नाहीत? कारण सुरुवातीला सेल्युलोज घन तंतूंच्या रूपात असतो. अभिक्रिया बाहेरून आत सरकते. मध्येच थांबवली तर बाहेरच्या साखळ्या पूर्ण भरलेल्या आणि आतल्या कोऱ्या राहतात. सरासरी अडीच भरेल, पण तो माल कशातच नीट विरघळणार नाही. सगळं भरल्यावर साखळ्या द्रावणात सुट्या होतात, आणि मग पाणी प्रत्येक साखळीवरून सारखेच गट उतरवतं.

पॉल शुत्सेनबर्जे यांनी १८६५ मध्ये बंद नळीत सेल्युलोज आणि ॲसेटिक ॲनहायड्राइड तापवून हा पदार्थ पहिल्यांदा बनवला. पण ॲसिटोनमध्ये विरघळणारा प्रकार हाती यायला विसाव्या शतकाची सुरुवात उजाडली. थोडं मागे येण्याची ही युक्ती जॉर्ज माइल्स यांची. पहिल्या महायुद्धात ड्रायफस बंधूंच्या कारखान्यातून विमानांच्या कापडी पंखांवर लावायला ॲसिटेटचं रोगण गेलं आणि युद्धानंतर त्याच मालापासून धागा काढला गेला.

तुकडा अनोळखी असेल तर कडेच्या धाग्यावर किंवा कातरणावर ॲसिटोनचा एक थेंब टाका. डायॲसिटेट चिकट होऊन विरघळतो. कापूस, रेशीम, नायलॉन, पॉलिएस्टर ॲसिटोनला दाद देत नाहीत. जुन्या सिनेमाच्या फिल्मवर मात्र या चाचणीवर विसंबू नका, कारण सेल्युलोज नायट्रेटही ॲसिटोनमध्ये विरघळतो आणि तो भडका घेणारा पदार्थ आहे. फिल्मच्या कडेला ‘सेफ्टी’ हा शब्द छापला आहे का ते आधी पाहा. शंका राहिली तर ती फिल्म नायट्रेटच आहे असं समजून वागा.

पायरी २: द्रावण करा आणि पारदर्शक फिल्म काढा

ॲसिटोनची वाफ खोलीच्या तापमानातही सहज पेट घेते आणि जड असल्यामुळे टेबलावरून खाली वाहत जाते. काम फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफ बाहेर ओढणाऱ्या कपाटात करा, जवळपास बर्नर, हीटर किंवा ठिणगी उडणारी मोटर नको. नायट्राइलचे पातळ हातमोजे ॲसिटोनपुढे टिकत नाहीत, ब्युटाइल रबरचे वापरा. भांडी काचेची किंवा पॉलिप्रॉपिलीनची हवीत. पॉलिस्टायरीनचा कप घेतलात तर तोही द्रावणात उतरेल.

भुकटी हवेतली ओल धरून ठेवते, म्हणून आधी १०५ अंशांवर दोन तास वाळवा आणि डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करा. रुंद तोंडाच्या बाटलीत ९० ग्रॅम ॲसिटोन घ्या, मॅग्नेटिक स्टरर जोरात फिरवा आणि भोवऱ्याच्या कडेला १० ग्रॅम भुकटी चिमटीचिमटीने सोडा. इथे घाई नडते. एकदम ओतली तर प्रत्येक ढेकळाभोवती जेलीसारखं कवच धरतं, आत कोरडी भुकटी अडकते आणि ती गुठळी फोडायला ताससुद्धा पुरत नाही. सगळी भुकटी गेल्यावर झाकण घट्ट लावून तीन-चार तास ढवळा. मग स्टरर बंद करून रात्रभर बाटली तशीच ठेवा, म्हणजे हवेचे बुडबुडे वर येऊन निघून जातात.

काचेची सपाट प्लेट साबणाने धुऊन कोरडी करा. दोन्ही कडांना सेलोटेपचे चार-चार थर एकावर एक लावा. एका थराची जाडी साधारण ५० ते ६० मायक्रॉन, म्हणजे चार मिळून जवळपास पाव मिलीमीटर. एका टोकाला द्रावण ओता आणि टेपवर टेकवलेली काचेची दांडी न फिरवता एका दमात ओढत न्या. मध्ये थांबलात तर तिथे आडवी रेघ उमटते. लगेच वर मोठं भांडं उपडं घाला आणि त्याच्या कडेखाली आगपेटीच्या काडीएवढी फट ठेवा.

दहा टक्के द्रावणाचा पाव मिलीमीटर थर वाळून साधारण १५ मायक्रॉनचा होतो. जाड फिल्म हवी असेल तर टेपचे थर वाढवा, द्रावण दाट करण्याच्या मागे लागू नका. ती ठिसूळ वाटली तर पुढच्या वेळी पॉलिमरच्या वजनाच्या १५ ते २० टक्के ट्रायॲसिटिन घाला, ते प्लॅस्टिसायझरचं काम करतं. चष्म्याच्या फ्रेमसाठी लागणाऱ्या ॲसिटेटच्या पाटीत प्लॅस्टिसायझर याहूनही भरपूर असतो. फ्रेम कोमट करून वाकवता येते ती त्यामुळेच, आणि स्पिरिटने वारंवार पुसली तर पांढरट पडते तीही त्यामुळेच.

झाकण का ठेवायचं? ॲसिटोन झपाट्याने उडाला की थर गार पडतो, दमट हवेतली वाफ त्यावर जमते आणि फिल्मवर दुधाळ झाक येते. रोगणाच्या धंद्यात याला ब्लशिंग म्हणतात आणि तो दोष मानतात. पुढच्या पायरीत हाच दोष आपण मुद्दाम आणणार आहोत.

पायरी ३: त्याच पदार्थाचं गाळणपटल करा

पाणी सेल्युलोज ॲसिटेटला विरघळवत नाही, पण ॲसिटोनमध्ये ते कितीही मिसळतं. ओला थर पाण्यात गेला की ॲसिटोन बाहेर धावतो आणि पाणी आत शिरतं. द्रावण दोन भागांत फाटतं: पॉलिमरने भरलेला भाग घट्ट होऊन जाळी बनतो, पाण्याने भरलेल्या भागाची छिद्रं होतात. पांढरा रंग त्या छिद्रांवरून उजेड विखुरल्यामुळे दिसतो.

पायरी २ मधलं साधं द्रावणही पाण्यात पांढरं पडतं, पण त्याची वरची कातडी जाड होते आणि पाणी फार मंद जातं. म्हणून द्रावणातच थोडं पाणी घालून त्याला फाटण्याच्या उंबरठ्यावर आणून ठेवतात. १५ ग्रॅम ॲसिटेट, ७५ ग्रॅम ॲसिटोन आणि १० ग्रॅम पाणी हे प्रमाण सुरुवातीला बरं. पाणी आधी ॲसिटोनमध्ये मिसळून घ्या आणि मग भुकटी सोडा. तयार दाट द्रावणात वरून पाणी टाकलं तर थेंब पडेल तिथेच पांढरे गोळे धरतात.

थर ओढून झाल्यावर दहा ते वीस सेकंद हवेत धरा, मग प्लेट तिरकी करून बर्फाच्या पाण्यात एका झटक्यात उतरवा. हळू उतरवलीत तर पाण्याची रेषा जिथे रेंगाळली तिथे पट्टा उमटतो. पटल आपोआप सुटेपर्यंत थांबा, चिमट्याने ओढू नका. सुटल्यावर पाणी दोनदा बदलून तासभर धुवा.

आता सर्वांत महत्त्वाचं: पटलाची हवेकडची बाजू कोणती होती, ते लगेच कोपरा कापून खूण करून ठेवा. त्या बाजूला अत्यंत पातळ, दाट कातडी असते आणि खाली स्पंजासारखा आधार. गाळायचं पाणी नेहमी कातडीच्या बाजूने द्यायचं. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोएब आणि श्रीनिवास सौरीराजन यांनी १९६० च्या आसपास हेच असममित पटल घडवलं. त्याआधी फ्लोरिडा विद्यापीठात रीड आणि ब्रेटन यांनी सेल्युलोज ॲसिटेट मीठ अडवतो हे दाखवलं होतं, पण त्यांची फिल्म सलग दाट होती आणि पाणी थेंबाथेंबाने येत होतं. अडवण्याचं काम पातळ कातडीकडे आणि दाब सोसण्याचं काम स्पंजाकडे सोपवलं, तेव्हा कुठे रिव्हर्स ऑस्मॉसिस (आरओ), म्हणजे दाब देऊन पटलातून पाणी पलीकडे नेणं आणि मीठ मागे ठेवणं, प्रयोगशाळेबाहेर पडलं. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोअलिंगा गावात या पटलांवर चालणारा संयंत्र उभा राहिला.

त्यांच्या मूळ द्रावणात मॅग्नेशियम परक्लोरेट होतं. ते तीव्र ऑक्सिडीकारक आहे, ॲसिटोनशेजारी ते ठेवण्याचं शिकाऊ हातांना काहीच कारण नाही. पटल ७० ते ८५ अंशांच्या पाण्यात काही मिनिटं ठेवलं की छिद्रं आवळतात आणि मीठ जास्त अडतं, ही त्यांची दुसरी युक्ती मात्र जरूर करून पाहा. गरम केलेलं आणि न केलेलं पटल घेऊन दोन्हींतून रंगाचं पाणी गाळून बघितलं की फरक कळतो. घरगुती पंपावर समुद्राचं पाणी गोडं होईल ही अपेक्षा ठेवू नका. त्या पाण्याचा परासरण दाबच (मिठामुळे पाण्याला उलट ओढणारा दाब) २५ बारहून जास्त असतो आणि आधी त्याच्यावर मात करावी लागते.

पटल कधीही तसंच वाळू देऊ नका. पाणी उडताना छिद्रांच्या भिंती एकमेकींवर ओढल्या जातात आणि चिकटतात. पुन्हा भिजवून ती उघडत नाहीत. ठेवायचं असेल तर पाण्यातच ठेवा, किंवा आधी ग्लिसरीनच्या द्रावणात मुरवा. पीएच ५ च्या आसपास असेल तर ॲसिटिल गट सर्वांत सावकाश सुटतात, अल्कली पाण्यात पटल लवकर निकामी होतं.

हल्लीच्या आरओ यंत्रांत बहुतेक पॉलिअमाइडची पटलं असतात, ती कमी दाबात जास्त पाणी देतात. पण पाण्यातला क्लोरीन त्यांना खातो, ॲसिटेट तो थोड्या प्रमाणात सहन करतो. म्हणून काही ठिकाणी ॲसिटेट अजून टिकून आहे. नैसर्गिक वायूतून कार्बन डायऑक्साइड वेगळा करण्यासाठी आणि डायलिसिसच्या पोकळ तंतूंतही तो आहे.

तयार गाळणपटलं विकत घेताना एक नीट पाहा. प्रथिनांचं द्रावण किंवा पेशींचं माध्यम गाळायचं असेल तर सेल्युलोज ॲसिटेट घ्या, तो प्रथिनं फारशी धरून ठेवत नाही. सेल्युलोज नायट्रेट नेमका उलटा, तो प्रथिनं घट्ट धरतो आणि म्हणून ब्लॉटिंगला, म्हणजे प्रथिनं पटलावर उतरवून ओळखायला, वापरतात. नावं सारखी वाटतात, काम विरुद्ध. निर्जंतुक गाळण्यासाठी ०.२ मायक्रॉन, नुसतं स्वच्छ करण्यासाठी ०.४५. ॲसिटोन, क्लोरोफॉर्म, डीएमएसओ या विद्रावकांच्या जवळ ही पटलं नेऊ नका.

औषधाच्या काही गोळ्यांवरही असंच पटल असतं. पाणी आत येऊ देणारं आणि औषध अडवणारं ॲसिटेटचं आवरण, त्याला लेझरने पाडलेलं एक बारीक भोक. आत आलेलं पाणी औषधाला त्या भोकातून तासन्‌तास एकसारखं ढकलत राहतं.

पायरी ४: दगडाची आणि धातूची साल काढा

या पदार्थाचा मला सर्वांत आवडणारा उपयोग हा. कार्बोनिफेरस या कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या काळातल्या दगडी कोळशाच्या थरांत ‘कोल बॉल’ नावाचे गोळे सापडतात. त्यांत वनस्पतींच्या पेशींच्या भिंती कॅल्साइट या चुनखडीतल्या खनिजामध्ये जशाच्या तशा जपलेल्या असतात. त्या पाहायला दगड कागदासारखा पातळ घासत बसण्याची गरज नाही.

गोळा कापा आणि कापलेली बाजू काचेवर कार्बोरंडमच्या बारीक घासभुकटीने घासून सपाट, गुळगुळीत करा. ५ टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ती बाजू दहा ते तीस सेकंद बुडवा. फेस येतो, कॅल्साइट किंचित झिजतं आणि पेशींच्या भिंती केसाएवढ्याही नाही इतक्या वर उभ्या राहतात. पाण्याने हलकेच धुवा आणि कोरडं होऊ द्या. यापुढे त्या पृष्ठभागाला बोट लावायचं नाही. एका स्पर्शाने लाखो भिंती आडव्या होतात.

दगड वाळूच्या पेटीत पृष्ठभाग आडवा येईल असा बसवा. त्यावर ॲसिटोन ओतून सगळीकडे पसरू द्या आणि ॲसिटेटचा पातळ कागद (म्हणजे तयार फिल्म) एका कडेपासून टेकवत, हवा पुढे ढकलत खाली सोडा. कागद मऊ होऊन भिंतींच्या मधल्या खाचांत उतरतो. अर्धा तास थांबा. घाईने ओढलात तर कागद ताणला जातो आणि पेशी वेड्यावाकड्या दिसतात. मग कोपऱ्यातून सावकाश सोला. भिंती कागदात रुतून बाहेर येतात, सूक्ष्मदर्शकाखाली खोडातल्या नलिका, बीजाणू, मुळांची टोकं स्पष्ट दिसतात. पृष्ठभाग पुन्हा किंचित घासून पुढची साल काढा. अशा सालींच्या ओळीवरून एखाद्या बीजाची संपूर्ण घडण जुळवता येते. चुनखडीतल्या जीवाश्मांनाही हीच रीत चालते. गारगोटीसारख्या सिलिकायुक्त दगडांवर ती या ॲसिडने चालणार नाही.

धातूतज्ज्ञ हेच वीजनिर्मिती केंद्रातल्या वाफेच्या नळांवर करतात. नळ कापून नमुना नेता येत नाही, म्हणून जागेवरच छोटा भाग पॉलिश करून ॲसिडने कोरतात, ॲसिटोनमध्ये भिजवलेली ॲसिटेटची पट्टी दाबतात, वाळल्यावर सोलून काचपट्टीवर चिकटवतात. उष्णतेने आणि दाबाने धातूच्या कणसीमांवर (धातूच्या कणांमधल्या सांध्यांवर) पडलेली सूक्ष्म भोकं त्या पट्टीवर उमटलेली असतात. नळ किती थकला आहे ते त्यावरून ठरवता येतं.

पायरी ५: इलेक्ट्रोफोरेसिसची पट्टी

इलेक्ट्रोफोरेसिस म्हणजे विजेच्या ओढीने प्रथिनं सरकवून वेगळी करणं. योआखिम कोन यांनी १९५७ मध्ये त्यासाठी सेल्युलोज ॲसिटेटची ही पट्टी आणली. कागदावर रात्रभर चालणारं काम तिच्यावर अर्ध्या तासात होऊ लागलं. हिमोग्लोबिनच्या तपासणीत बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) पीएच ८.४ ते ८.६ चं असतं आणि सगळी हिमोग्लोबिनं धन ध्रुवाकडे सरकतात. हिमोग्लोबिनच्या प्रकारांपैकी सर्वांत पुढे ए, त्यामागे एफ, मग एस, आणि सर्वांत मागे सी व ए-टू.

बहुतेक बिघाड पट्टी भिजवतानाच होतो. कोरडी पट्टी बफरमध्ये दाबून बुडवली तर छिद्रांत हवा कोंडते आणि पांढरे ठिपके राहतात, तिथून वीजही जात नाही आणि प्रथिनंही. पट्टी बफरवर सपाट तरंगू द्या. खालून ओल वर चढते, पट्टी एकसारखी करडी होते, मगच बुडवा. बाहेर काढल्यावर दोन टिपकागदांत एकदाच हलकं दाबा. ओलं चकचकीत पाणी राहिलं तर नमुना पसरतो, जास्त कोरडी केली तर पट्टे वाकडे येतात.

नमुना ऋण ध्रुवाच्या बाजूला लावा. साधारण ३५० व्होल्टवर २५ मिनिटं पुरतात, तरी किटच्या सूचना पाळा. मग पाँसो एस रंगात पाच मिनिटं, आणि पार्श्वभूमी पांढरी होईपर्यंत ५ टक्के ॲसेटिक ॲसिडचे दोन-तीन हात. शेजारी ज्ञात नमुना नेहमी चालवा. या पीएचवर डी आणि जी हे एसच्याच जागी येतात, ई आणि ओ हे सीच्या जागी. त्यामुळे एसच्या जागी पट्टा दिसला म्हणून सिकलसेल असं लिहून मोकळं होऊ नका. आम्लधर्मी पीएचवरचं सिट्रेट अगार किंवा एचपीएलसी यांसारखी दुसरी चाचणी करून खात्री झाल्याशिवाय अहवाल देऊ नये. त्या कागदावर एखाद्या कुटुंबाचे पुढचे निर्णय अवलंबून असतात.

पायरी ६: जे बनलं आहे ते जपा

बनवताना बसवलेलं ॲसिटिल ओल आणि उष्णतेने पुन्हा सुटतं आणि ॲसेटिक ॲसिड होतं. तेच ॲसिड पुढच्या सुटण्याला वेग देतं. जुन्या रिळांच्या डब्यातून येणारा व्हिनेगरचा वास हाच. त्यानंतर फिल्म आकसते, कडा लहरी होतात, प्लॅस्टिसायझर पांढरे स्फटिक होऊन बाहेर येतो आणि चित्राचा जिलेटिनचा थर सुरकुततो. १९४८ मध्ये ट्रायॲसिटेटची फिल्म नायट्रेटच्या जागी आली तेव्हा ती सुरक्षित म्हणून आली होती. आगीपासून ती सुरक्षित होतीच. दहा वर्षांच्या आत उष्ण-दमट साठ्यांतून तक्रारी येऊ लागल्या, पहिली भारत सरकारकडून.

तुमच्याकडे घरची जुनी निगेटिव्ह किंवा संस्थेची रिळं असतील तर नाकावर भरवसा ठेवू नका. वास यायला लागतो तोवर उशीर झालेला असतो. रॉचेस्टरच्या इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटने बनवलेल्या, डब्यातलं ॲसिड रंग बदलून दाखवणाऱ्या ए-डी पट्ट्या मिळतात. डब्यात एक पट्टी ठेवून ठरलेला वेळ बंद ठेवा. ती निळीच राहिली तर ठीक, हिरवी झाली तर ऱ्हास सुरू झाला आहे, पिवळी झाली तर प्रकरण गंभीर आहे. त्याच संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २१ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत ताज्या फिल्मला वास सुटायला सुमारे ४० वर्षं लागतात. तापमान वाढलं की हा काळ झपाट्याने घटतो, थंडीत कित्येक पटींनी वाढतो.

हिरव्या-पिवळ्या पट्टीचे डबे चांगल्या डब्यांपासून त्याच दिवशी वेगळे करा, कारण ॲसिडची वाफ शेजारच्या रिळांनाही लागते. ॲसिड कोंडेल असे हवाबंद पत्र्याचे डबे बदलून हवा खेळणारे प्लॅस्टिकचे घ्या. स्कॅनिंगची रांग लावताना पिवळे आधी, मग हिरवे. ज्यांचं स्कॅनिंग लगेच होणार नाही ते ओल शिरणार नाही अशा दुहेरी पिशव्यांत बंद करून शीतगृहात ठेवा. बाहेर काढाल तेव्हा पिशवी न उघडता एक दिवस खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर गार फिल्मवर दव धरेल. प्रत्येक डब्यावर तपासणीची तारीख आणि पट्टीचा रंग लिहा, आणि निळ्या डब्यांत पुढच्या वर्षी पुन्हा पट्टी घाला.